परीक्षेला कोणता कॅल्क्युलेटर चालेल, ते नाव घेऊन सांगा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, परीक्षा विभागांचे प्रमुख आणि पहिल्या वर्षाला शिकवणारे सर्व प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

परीक्षेच्या सूचनांमध्ये वर्षानुवर्षे एक ओळ छापून येते : 'नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी आहे.' ही ओळ काढा आणि तिच्या जागी चालणाऱ्या मॉडेलांची नावं छापा. ती यादी पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू व्हायच्या आत मुलांच्या हातात द्या आणि त्या तुकडीची पदवी होईपर्यंत बदलू नका. एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. हजार-दोन हजारांच्या यंत्रासाठी जाहीर पत्र कशाला, असं कोणाला वाटेल. पण हेच यंत्र पुढे आठ-दहा वर्षं त्या मुलामुलींच्या हातात राहणार असतं, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत त्याच यंत्रावर केलेल्या हिशेबाखाली त्यांची सही येणार असते.

मी स्थापत्य अभियंता आहे. काही वर्षं अमेरिकेत एका डिझाइन ऑफिसात नोकरी केली, तिथल्या एफई आणि मग पीई या अभियंत्यांसाठीच्या परीक्षा देऊन परवाना घेतला. आता राजारामपुरीत स्वतःचं ऑफिस आहे. संध्याकाळी तुमच्याच महाविद्यालयांतली मुलं येऊन बसतात. कोणाला एमएससाठी बाहेर जायचंय, कोणी गेट या एमटेकच्या प्रवेशपरीक्षेच्या मागे आहे, कोणी केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या. पहिला प्रश्न ठरलेला : 'मॅडम, कॅल्सी कुठला घेऊ?' शेवटच्या वर्षाला आलेल्या मुलाला हा प्रश्न पडतो, याचं मला वाईट वाटतं. तोवर त्याच्याकडे असतो तो सीनियरनं सांगितलेला, महाद्वार रोडवरच्या दुकानदारानं पुढे केलेला, नाहीतर थोरल्या भावाचा घरात पडून असलेला. विचार करून निवडलेला क्वचितच कोणाकडे दिसतो, कारण निवडायला आधार म्हणून आपण त्यांना फक्त 'नॉन-प्रोग्रामेबल' हा शब्द दिलेला आहे.

आपल्याकडे डॉक्टरांची नोंदणी होते, वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा आहे. अभियंत्यांसाठी देशपातळीवर तसा परवान्याचा कायदा आजही नाही. पदवी आणि अनुभव दाखवला की महापालिकेत नाव नोंदवता येतं. त्यामुळे परवान्याची परीक्षा म्हणजे काय, ती किती काटेकोर असते, याची आपल्या कॅम्पसवर फारशी कल्पना नसते. अमेरिकेत असा पहिला कायदा १९०७ साली वायोमिंग राज्यात झाला. पाण्याच्या हक्कांसाठी येणारे अर्ज आणि नकाशे कोणीही उठून तयार करायचं आणि अभियंता म्हणून सही ठोकायचं, त्याला आळा घालण्यासाठी. पाण्यावरून हिशेब करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट चटकन समजावी.

आज तिथल्या या परीक्षा एनसीईईएस ही संस्था घेते. आधी फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे एफई. मग साधारण चार वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे पीई. परवाना देतं ते त्या त्या राज्याचं बोर्ड. एफईमध्ये ११० प्रश्न आणि सोडवायला ५ तास २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सिव्हिलच्या पीईमध्ये ८० प्रश्न आणि ८ तास. दोन्ही परीक्षा संगणकावर होतात. सूत्रांची पुस्तिका पडद्यावरच उघडून मिळते. वही, पुस्तक, स्वतःचं पेन, काही आत नेता येत नाही. पडद्यावर एक कॅल्क्युलेटर असतो, पण स्वतःचाही नेता येतो, तोही झाकण-कव्हर बाहेर काढून ठेवून. म्हणजे त्या खोलीत उमेदवाराच्या ओळखीची, सवयीची अशी वस्तू एकच असते.

आणि ती कोणती असावी हे तिथे अगदी थोडक्या शब्दांत सांगितलेलं आहे. कॅसिओचं यंत्र असेल तर त्याच्या नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ असलंच पाहिजे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं असेल तर टीआय-३०एक्स किंवा टीआय-३६एक्स. ह्युलेट पॅकार्डची दोनच, एचपी ३३एस आणि एचपी ३५एस. संपलं. दारावर उभ्या असलेल्या माणसाला अभियांत्रिकीतलं काही कळण्याची गरज नाही. यंत्राच्या कपाळावर लिहिलेलं नाव वाचायचं, यादीत बघायचं, आत सोडायचं किंवा नाही सोडायचं. वाद घालायला जागाच नाही.

या यादीत एक गोष्ट अशी आहे की ती मला आपल्या सर्वांच्या नजरेला आणून द्यायची आहे. एचपी ३३एस आणि ३५एस ही दोन्ही यंत्रं प्रोग्रामेबल आहेत. त्यांत चक्क प्रोग्राम लिहून साठवता येतो. तरी ती चालतात. कारण तिथल्या लोकांनी आधी विचार केला तो आपल्याला नेमकी भीती कशाची आहे, याचा. भीती होती प्रश्न उतरवून बाहेर नेण्याची आणि आपसांत निरोप पाठवण्याची. ज्या यंत्रात मजकूर लिहिता येतो, जे दुसऱ्या यंत्राशी बोलू शकतं, ते बाद. उरलेल्यांतून नावं घेऊन यादी केली. उलट बाजूनंही यादी तितकीच कडक आहे. कॅसिओचं एफएक्स-५७० घ्या. एफएक्स-५७० एमएस आणि एफएक्स-९९१ एमएस या कामाच्या दृष्टीनं जुळ्या बहिणी. फरक मुख्यतः सोलर पट्टीचा. पण ५७० यादीत नाही, म्हणून चालत नाही. हे कोणाला अन्यायाचं वाटेल. मला वाटत नाही, कारण ते मुलाला यंत्र विकत घेण्याआधी कळतं.

आपल्याकडे कधी कळतं? हॉलमध्ये.

गेल्या हिवाळी परीक्षेतली गोष्ट सांगते. महाविद्यालयाचं नाव घेणार नाही, कारण हे कुठल्याही महाविद्यालयात घडू शकतं आणि घडतं. माझ्याकडे येणारी एक मुलगी, चंदगडकडची, स्ट्रक्चरल अॅनालिसिसच्या पेपरला बसली. तिच्याकडे नवं एफएक्स-९९१ सीडब्ल्यू होतं. ब्लॉकवर आलेले ज्युनिअर सुपरवायझर दुसऱ्या विभागाचे होते. त्यांनी मोठा स्क्रीन बघितला, त्यात स्प्रेडशीट दिसली, क्यूआर कोड निघतो हे शेजारच्या कोणीतरी सांगितलं, आणि यंत्र काढून घेतलं गेलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. भरारी पथक आलं तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता. तिनं सांगून पाहिलं की हे प्रोग्रामेबल नाही, यात मजकूर साठत नाही, आणि क्यूआर कोड वाचायला बाहेर मोबाईल लागतो, तो तर गेटवरच जमा आहे. पण 'नॉन-प्रोग्रामेबल' म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणाकडेही लिहून नव्हतं. शेवटी कोणाचं तरी एफएक्स-८२ तिला दिलं गेलं. पेपरात स्लोप डिफ्लेक्शनचं गणित होतं, तीन अज्ञातांची तीन समीकरणं. ८२ वर समीकरणं सोडवायची सोय नाही, मॅट्रिक्स नाही. तिनं ती हातानं सोडवली, उत्तर बरोबरही आलं, पण शेवटच्या प्रश्नाला वेळ उरला नाही. त्याच मजल्यावर पलीकडच्या ब्लॉकमध्ये तेच मॉडेल घेऊन दोन मुलं निवांत पेपर लिहीत होती.

नियम खोलीगणिक बदलत असेल तर त्याला नियम म्हणता येत नाही. त्या मुलीचं जे नुकसान झालं ते कुठल्याही फेरतपासणीत दिसणार नाही, कारण उत्तरपत्रिकेत कॅल्क्युलेटरचं नाव नसतं.

आता सवयीबद्दल. मी यादी पहिल्याच वर्षी मागते आहे, शेवटच्या वर्षी नाही, ते या कारणानं. यंत्र कुठलंही घ्या, त्याची एक भाषा असते आणि ती बोटांत बसायला वर्षं जातात. एकाच ९९१ मालिकेत तीन अज्ञातांची समीकरणं सोडवायची तर एमएस मॉडेलवर मोडचं बटण तीनदा दाबून १, ईएस प्लस मॉडेलवर मोड आणि ५, सीडब्ल्यूवर होममध्ये जाऊन समीकरणाचं चित्र शोधायचं. घरी शांतपणे बसून हे कोणालाही सापडेल. तीन मिनिटांत एक प्रश्न संपवायचा असताना बोट अडखळलं की डोकंही अडखळतं.

याहून गंभीर गोष्ट अशी की दोन यंत्रं तीच बटणं तशीच दाबून दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात, आणि दोन्ही यंत्रं आपापल्या नियमानं बरोबर असतात. कंपनांचं साधं गणित बघा. नैसर्गिक वारंवारिता म्हणजे १ भागिले २ पाय (π), गुणिले वर्गमूळ; ते वर्गमूळ 'ताठरता भागिले वस्तुमान' या भागाकाराचं. वर्गमूळ २० आलं असं धरा. मुलगा १ ÷, मग २, मग पायचं बटण, मग × २० असं दाबतो. कॅसिओच्या ९९१ मालिकेत २ आणि पाय यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्ह दाबलेलं नाही म्हणून यंत्र ते दोन्ही एकत्र धरतं. उत्तर येतं ३.१८. काही दुसरी यंत्रं डावीकडून उजवीकडे सरळ चालतात : १ भागिले २, गुणिले पाय, गुणिले २०. उत्तर ३१.४. जवळजवळ दसपट. वर्षभर कॅसिओ वापरून परीक्षेच्या आठवड्यात 'अमेरिकेत हेच चालतं' म्हणून दुसऱ्या कंपनीचं यंत्र मागवणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांना मी हे एक गणित करायला देते. मग ते यंत्र परत पिशवीत जातं.

दसपट चूक निदान डोळ्यांत भरते. न भरणारी चूक जास्त वाईट. नदी-कालव्यातल्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र आपल्या प्रत्येक सिव्हिलच्या मुलाला पाठ असतं : वेग म्हणजे १ भागिले एन (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा), गुणिले जलीय त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात, गुणिले उताराचं वर्गमूळ. जलीय त्रिज्या २.५ मीटर, एन ०.०३, उतार २५०० ला १ आणि पात्राचा छेद ४०० चौरस मीटर धरू. घाताचं बटण दाबून एका ओळीत २ ÷ ३ असं लिहिलं आणि कंस टाकला नाही, तर यंत्र आधी २.५ चा वर्ग करतं आणि मग त्याला तीननं भागतं. १.८४ च्या जागी २.०८ येतात. वेग १.२३ च्या जागी १.३९. दोन्ही आकडे नदीला शोभतील असेच आहेत, कोणाला शंकाही येणार नाही. पण विसर्ग निघतो सेकंदाला ४९१ घनमीटरऐवजी ५५६. हा ६४ घनमीटरचा फरक म्हणजे सुमारे सव्वादोन हजार क्युसेक्स. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक्स पाणी सुटतं. म्हणजे एका कंसापायी दीड दरवाजाहून जास्त पाणी कागदावर वाढलं. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात; २०१९ आणि २०२१ नंतर तर घराघरात. अशा गावात घाताचा कंस हा परीक्षेपुरता विषय नाही. आणि परीक्षेपुरतं बोलायचं तरी, चार पर्यायांतला एखादा पर्याय नेमका अशाच चुकीतून येणारा ठेवलेला असतो. मुलाला आपलं उत्तर पर्यायात दिसतं आणि तो निर्धास्त पुढे जातो.

ईएस प्लस किंवा त्यापुढच्या यंत्रांवर गणित पुस्तकातल्यासारखं दिसतं. घात वर चढतो, अपूर्णांक खालीवर दिसतो. तिथे ही कंसाची चूक व्हायची शक्यता बरीच कमी. एमएसवर सगळं एका ओळीत. म्हणून एमएस वाईट असं नाही. ज्याला ते यंत्र अंगवळणी पडलंय तो कंस आपोआप टाकतो. पण पहिल्या वर्षाला नव्यानं घेणाऱ्याला मी एमएस घ्यायला सांगणार नाही.

मग काय घ्यायला सांगते? माझं मत स्पष्ट आहे : कॅसिओची ९९१ मालिका. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीपासून राजारामपुरीपर्यंत कुठेही मिळते, बंद पडली तर उद्या दुसरी आणता येते, सोलर आणि बटण-सेल दोन्हीवर चालते, आणि एनसीईईएसच्या यादीत तिचं नाव आहे. त्यातही ईएस प्लस पुरेसं. सम्मिश्र संख्या, मॅट्रिक्स, व्हेक्टर, संख्याशास्त्र, सॉल्व्ह, एककांचं रूपांतर हे सगळं त्यात आहे. एफईमध्ये मीटर-न्यूटनची आणि फूट-पौंडांची गणितं मिसळून येतात, तेव्हा रूपांतराची सोय कामाला येते. सीडब्ल्यू जास्त ताकदीचं आहे, पण त्याची बटणांची मांडणी आधीच्या मॉडेलांहून निराळी आहे; ज्याला पहिल्यापासून तेच शिकायचंय त्यानं जरूर घ्यावं, मधूनच बदलून घेऊ नये. टेक्सासचं टीआय-३६एक्स प्रो उत्तम यंत्र आहे. अमेरिकेत माझ्या शेजारी बसणारे निम्मे लोक तेच वापरायचे. पण इथल्या दुकानात ते सहज मिळत नाही आणि जे सहज मिळत नाही ते परीक्षेच्या आदल्या दिवशी बिघडलं तर करायचं काय? एचपी ३५एसवर माझा वैयक्तिक जीव आहे. आधी आकडे, मग क्रिया, अशी त्याची उलटी पद्धत एकदा हाताला लागली की कंसांची गरजच उरत नाही. मात्र आता ते नवं मिळणं अवघड झालंय आणि आजच्या मुलानं त्याच्यामागे लागू नये.

आणखी एक, जे मी प्रत्येकाला सांगते : सर्व्हेच्या कामासाठी घरात एफएक्स-५८०० पी असेल तर ते साइटवरच राहू दे. ते खरंच प्रोग्रामेबल आहे, ट्रॅव्हर्सच्या कामाला सोन्यासारखं आहे, पण परीक्षेच्या यादीत त्याचं नाव नाही.

आपल्यापैकी काहींचं म्हणणं मी प्रत्यक्ष ऐकलं आहे की पुढच्या परीक्षांत स्वतःचा कॅल्क्युलेटर कुठे चालतो, मग एवढी तयारी कशाला. खरं आहे, गेटमध्ये पडद्यावरचाच वापरायचा असतो, तोही माऊसनं एकेक बटण टिचकत. कीबोर्ड चालत नाही. इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या पूर्वपरीक्षेत, म्हणजे वस्तुनिष्ठ पेपरांत, कॅल्क्युलेटरच नाही; मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक पेपरांत मात्र चालतो. म्हणजे आपल्या मुलाला तीन तऱ्हांनी तयार व्हायचं आहे : हातानं, माऊसनं आणि स्वतःच्या यंत्रानं. यातलं पहिल्या दोन्हींचं शिक्षण क्लासवाले देतात. तिसरं कोणीच देत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं ते त्याला येतच असेल. येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला मी ३० चा साइन काढायला सांगितला आणि त्यानं शांतपणे उणे ०.९८८ लिहिलं, यंत्र रेडियनवर होतं आणि पडद्याच्या वरच्या कडेला असलेलं बारीक 'आर' त्यानं कधी वाचलंच नव्हतं. हुशार मुलगा आहे. त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : यंत्राच्या नादानं मुलांची आकडेमोड गेली. मी याच्याशी सहमत आहे. ज्याला उत्तराचा साधारण अंदाज नाही त्याच्या हातात कुठलंही यंत्र धोक्याचंच. पण ८२ च्या जागी ९९१ आलं म्हणून अंदाज गेला असं होत नाही. अंदाज शिकवावा लागतो, आणि तो यंत्र शिकवतानाच शिकवता येतो. पहिल्या सत्रात मेकॅनिक्सच्या किंवा गणिताच्या ट्युटोरियलमधले दोन तास काढा. आधी कागदावर ढोबळ उत्तर लिहायचं, मग यंत्रावर काढायचं, दोन्हींत फरक पडला तर कुठला आकडा खोटा ते शोधायचं. डिग्री-रेडियन, कंस, घात, मेमरी, शेवटचं उत्तर पुढच्या गणितात तसंच उचलून घेणं, मधलेच आकडे कापून लिहू नयेत हे सांगणं. दोन तासांत होतं. वर्गातल्या सगळ्यांकडे यादीतलीच यंत्रं असतील तरच होतं. साठ मुलांकडे वीस तऱ्हेची यंत्रं असली तर शिकवणाऱ्यानं फळ्यावर कुठलं बटण लिहायचं?

हॉलमधल्या कटकटीवर उपाय यादी आली की आपोआप निघतो. परीक्षेच्या आठवडाभर आधी विभागातच यंत्रं तपासून घ्या आणि मागच्या बाजूला शिक्क्याचं छोटं स्टिकर लावा. शंका असेल तर ती तिथेच, दिवसाढवळ्या, जाणकारासमोर मिटू दे. सुपरवायझरनं फक्त स्टिकर बघायचं. नकली यंत्रांचाही इथेच निकाल लागेल. बाजारात हुबेहूब दिसणारी स्वस्तातली कॅसिओ फिरत असतात आणि गरीब घरची मुलंच त्यात जास्त फसतात.

त्या मुलांसाठी एक वेगळी विनंती. गगनबावडा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडून येणाऱ्या मुलाला वसतिगृह, खानावळ, ड्रॉइंगचं साहित्य, एप्रन यांच्या खर्चात कॅल्क्युलेटर शेवटी येतो आणि मग तो मिळेल तो घेतो. चार वर्षं यादी एकच राहिली तर पास होऊन गेलेल्यांची यंत्रं पुढच्या तुकडीला देता येतील. ग्रंथालयात पुस्तकपेढी आहे, तिथेच एक कपाट कॅल्क्युलेटरसाठी ठेवा. माजी विद्यार्थी मेळाव्यात आपण व्यासपीठाला फुलं लावतो. त्याच मेळाव्यात दाराशी एक खोका ठेवून 'तुमचं जुनं ९९१ इथे द्या' असं लिहिलं तर कपाट एका दिवसात भरेल. माझ्याकडची तीन यंत्रं मी आजच द्यायला तयार आहे.

ज्या महाविद्यालयांना स्वायत्तता आहे त्यांना यासाठी कोणाचं तोंड बघायची गरज नाही. त्यांच्या परीक्षा मंडळाच्या एका बैठकीत हे होऊ शकतं. इतरांनी आपापल्या विद्यापीठाकडे एकत्र सहीनं मागणी करावी. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावानं आपल्या जिल्ह्यातली एक रचना महाराष्ट्रभर पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. परीक्षेच्या नियमांतही एखादी चांगली पद्धत इथून सुरू व्हायला हरकत नाही.

यादीचा कच्चा मसुदा मी करून ठेवला आहे, मागाल त्याला पाठवते. गणित, स्ट्रक्चर्स, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल अशा चार विभागांतल्या एकेका प्राध्यापकानं तासभर एकत्र बसून त्यावर खुणा केल्या तर तो पक्का होईल. ट्युटोरियलच्या दोन तासांसाठी गणितं हवी असतील तर तीही तयार आहेत, कंपनांचं आणि मॅनिंगचं त्यात आहेच. शनिवारी दुपारनंतर मी जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात स्वखर्चानं येईन. शिकवणाऱ्यांना दाखवायचं असेल तरी, मुलांना दाखवायचं असेल तरी. येत्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी आपला होकार किंवा नकार कळला तर बरं होईल. नकार असेल तर त्याचं कारणही कळवा, म्हणजे त्यावर मला काही करता येईल का ते बघते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक स्थापत्य अभियंता
राजारामपुरी, कोल्हापूर